पोळी बंद केली, दुखणं थांबलं. मग दुर्बिणीची तपासणी कशाला?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा :

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. वर्षभरापासून पोट दुखतं, फुगतं, मधूनच पातळ आणि फार वास मारणारी शी होते, वरचेवर तोंड येतं. जंताचं औषध देऊन झालं. हिमोग्लोबिन साडेआठ. लोहाचं सिरप महिनोन्‌महिने देऊनही ते वर सरकलेलं नाही. अंगाने ती ‘तिच्या वडिलांसारखीच बारीक, दुसरीतला गणवेश अजून होतो’. शेजारपाजारचे म्हणतात, शाळा चुकवायची नाटकं आहेत. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची टीटीजी तपासणी (आतड्याच्या एका आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडाची, म्हणजे अँटीबॉडीची) केली, ती वाढलेली निघाली. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पोटात गाठी असल्याचा शेरा आला. सिलिॲक नावाच्या आजाराची शंका सांगून त्यांनी पुण्याला लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे भूल देऊन एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, आणि बायोप्सी करायचं ठरलं, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. घरी परतताच सासूबाईंनी नातीचा गहू बंद करून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी सुरू केली. दहा दिवसांत दुखणं बरंच कमी झालं. आता सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीच्या घशात नळी कशाला घालायची? यजमान म्हणतात, तपासणी करू, पण तिला सांगायचं नाही. ‘पुण्याला फिरायला जाऊ’ म्हणून न्यायचं. ‘बायोप्सी’ ऐकल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही. पत्राच्या शेवटी ती विचारते, ‘भाकरी नको म्हणायची म्हणून मीच हट्टाने पोळ्या खाऊ घालत होते. माझ्यामुळे झालं का हे?’

ताई,

बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एक काम आजच करा. पुण्याच्या डॉक्टरांकडे फोन लावा आणि सांगा : अमुक तारखेपासून मुलीचा गहू पूर्ण बंद आहे, तपासणी अमुक तारखेला आहे, आता काय करायचं?

कारण सांगते. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात, अन्नातला कस तिथून रक्तात जातो. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा याच अस्तरावर उलटते. उंचवटे झिजतात, सपाट होतात. एंडोस्कोपीत डॉक्टरांना नेमकं तेच पाहायचं असतं. गहू बंद झाला की अस्तर हळूहळू भरून यायला लागतं, रक्तातलं टीटीजीही उतरायला लागतं. म्हणजे आजार असूनही रिपोर्ट ‘काही नाही’ असा येऊ शकतो. म्हणून तपासणीआधी किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त वेळा गव्हाचं काही ना काही पोटात जात असावं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. तुमच्या लेकीचं रक्त गहू चालू असताना तपासलं गेलंय आणि खंड दहाच दिवसांचा आहे, म्हणजे काही हातचं गेलेलं नाही. डॉक्टर कदाचित पोळी पुन्हा सुरू करायला सांगतील, तारीख बदलतील किंवा आहे तीच ठेवतील. ते त्यांनी ठरवायचं. पण त्यांना हे कळलंच नाही, तर ते चुकीच्या आधारावर ठरवतील.

आता सासूबाईंबद्दल. पत्रात तुमचा त्यांच्यावरचा राग जाणवला, पण मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. काय खाल्लं की नातीचं पोट दुखतं हे त्यांनी नीट पाहिलं आणि बरोबर जागी बोट ठेवलं. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाची शंका आधीपासून होती. 1944-45च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि हा आजार असलेली मुलं उपासमारीच्या दिवसांतही सुधारू लागली. पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. सासूबाईंनी पाहिलं ते याच जातीचं आहे. फरक एवढाच, की डिके तिथे थांबले नाहीत. सहकाऱ्यांबरोबर मोजमाप करून त्यांनी ते सिद्ध केलं आणि 1950 मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं. हे सासूबाईंना जरूर सांगा. ‘तुमचं चुकलं’ म्हणून विषय काढलात तर त्या हट्टाला पेटतील. ‘तुम्ही ओळखलंत तेच आहे का, याची खात्री करायला चाललोय’ म्हणालात, तर सोबत यायलाही तयार होतील.

बरं वाटतंय तर खात्री कशाला, हा त्यांचा प्रश्न मात्र उत्तर मागतो. गहू सोडल्यावर पोट हलकं वाटण्याची कारणं एकाहून जास्त आहेत. सिलिॲक नसतानाही गव्हातल्या काही घटकांनी पोट फुगणारी माणसं असतात. जिआर्डियासारखा संसर्ग आणि आतड्याचा क्षय हेही कधी कधी याच्यासारखेच दिसतात, आणि त्यांची औषधं सर्वस्वी वेगळी. शिवाय सिलिॲक असलाच, तर त्याचा उपाय म्हणजे जन्मभर ग्लुटेन बंद. महिनाभर नव्हे, आणि ‘सणाला एक पुरणपोळी चालते’ असंही नव्हे. जन्मभराची गोष्ट अंदाजावर ठरवली की दोन वर्षांनी कुणीतरी म्हणतंच, आता बरी आहे, देऊन बघू थोडं. मग पुन्हा शंका, आणि तपासणीसाठी तिला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावायची वेळ. काही मुलांमध्ये रक्तातलं टीटीजी कमाल मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात आणखी एक प्रतिपिंड सापडलं, तर बायोप्सीशिवायही निदान करतात. तुमच्या लेकीचा आकडा त्यात बसतो का, हे डॉक्टरांना विचारा. तो प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

पत्रात तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, त्या एका वाक्यापाशी मी थांबले : दुसरीतला गणवेश अजून होतो. तुम्ही ते अंगकाठीच्या खात्यात टाकलंत. घरात वडील बारीक असले की सगळ्यांनाच तसं वाटतं. पण बारीक असणं वेगळं आणि वाढ थांबणं वेगळं. बारीक मूलही दर वर्षी उंच होतं, त्याचा फ्रॉक आखूड होतो, चप्पल लहान पडते. नऊ वर्षांच्या मुलीला सातव्या वर्षीचा गणवेश लांबीलाही बसत असेल, तर डॉक्टरांच्या लेखी ही पोटदुखीइतकीच, कदाचित तिच्याहूनही वजनदार खूण आहे. शाळेच्या आरोग्य तपासणीत, लसीकरणाच्या कार्डावर, अंगणवाडीच्या नोंदीत तिची जुनी उंची-वजनं मिळतील. सगळी तारखेसह एका कागदावर उतरवून पुण्याला न्या. हिमोग्लोबिनचंही तसंच. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिॲकमध्ये झीज तिथेच होते. सिरप दिलं नाही म्हणून नव्हे, तर आत गेलेलं लोह रक्तापर्यंत पोहोचलं नाही म्हणून आकडा हलला नसेल.

‘नाटकं’ म्हणणाऱ्यांना तुम्ही उत्तर देत बसू नका, पण तुमच्या मनातली शंका दूर व्हायला हवी, म्हणून थोडं सांगते. शाळकरी मुलांमध्ये वारंवार पोट दुखणं फार सर्रास असतं. जॉन ॲपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी 1958 साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात साधारण दहातल्या एका मुलाला हा त्रास होता आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कुठलाही आजार सापडला नाही. तरीही ती मुलं खोटं बोलत नव्हती. ताणाने, भीतीने, बद्धकोष्ठाने दुखणारं पोटही खरंच दुखतं. तेव्हा उद्या सगळे रिपोर्ट स्वच्छ आले, तरी लेकीला ‘बघ, काही नव्हतंच’ असं म्हणू नका. हे पत्र वाचणाऱ्या इतर आईबाबांसाठीही सांगते : बेंबीभोवती अधूनमधून दुखणारं, बाकी खाणंपिणं, खेळणं, वाढणं छान चाललेलं मूल असेल, तर तपासण्यांचा मारा करायची गरज सहसा नसते. पण वजन घटणं, वाढ खुंटणं, दुखण्याने रात्री झोपेतून उठणं, शीतून रक्त जाणं, रेंगाळणारा ताप, सततच्या उलट्या, सांधे सुजणं, न हटणारा ॲनिमिया यांतलं काहीही सोबत असेल, तर थांबू नका. आणि हिरवी उलटी, डांबरासारखी काळी शी, फुगून टणक झालेलं पोट, किंवा खाली उजवीकडे सरकून वाढतच जाणारं दुखणं असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

तुमची झोप उडवणाऱ्या दोन शब्दांकडे येते. सोनोग्राफीतल्या ‘गाठी’ म्हणजे बहुधा आतड्यालगतच्या लसिकाग्रंथी. त्या प्रत्येकाच्या पोटात असतात, आणि लहान मुलांच्या सोनोग्राफीत वरचेवर दिसतात, पुष्कळदा साध्या सर्दीपडशानंतरही. आकार, संख्या आणि बाकीची लक्षणं पाहून डॉक्टर त्यांचं महत्त्व ठरवतात. ‘या गाठींची काळजी करायची का? क्षयाच्या दृष्टीने काही तपासायचं का?’ असं सरळ विचारा. दुसरा शब्द बायोप्सी. आपल्याकडे बायोप्सी म्हटलं की घरातल्या सगळ्यांच्या मनात कॅन्सर येतो, आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. इथे बायोप्सी म्हणजे अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे काही नमुने चिमट्याने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. उंचवटे झिजलेत का, एवढं बघण्यासाठी. आतड्याच्या अस्तराला त्या चिमट्याचं दुखणं जाणवत नाही. यजमानांना हे मोठ्याने समजावून सांगा. तुमच्याइतकेच तेही घाबरलेले असणार. ‘तिला सांगायचं नाही’ हे मला त्यांच्या भीतीतूनच आलेलं दिसतं.

आणि इथे मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही.

लेकीला न सांगता नेण्यामागे असा समज आहे, की सांगितलं नाही तर ती घाबरणार नाही. पण ताई, ती नऊ वर्षांची आहे. तिचं रक्त काढलं गेलंय. आजीने तिची पोळी बंद केलीये. दार लोटून चाललेली तुमची कुजबुज तिने ऐकलीये. घरात काहीतरी आहे आणि ते आपल्याबद्दल आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. फक्त काय आहे ते माहीत नाही, आणि ती रिकामी जागा ती तिच्या परीने भरत असणार. मुलांच्या वॉर्डात समुपदेशनाचं काम करताना मी ऐकलेले मुलांचे तर्क खऱ्या तपासणीपेक्षा कितीतरी भयंकर असतात : पोट कापणार, मला तिथेच ठेवून आईबाबा घरी जाणार, मी ऐकलं नाही म्हणून ही शिक्षा. यातलं शेवटचं तर आपणच त्यांच्या डोक्यात घालतो. ‘जेवली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य तुमच्या घरात असेल, तर ते आजपासून बंद.

फिरायला म्हणून नेलंत तर काय होईल, तेही बघा. गाडीतून उतरल्यावर हॉस्पिटलचा वास येईल, नर्स हात पकडेल, आणि ज्या दोन माणसांवर तिचा सगळ्यात जास्त विश्वास, त्यांनीच फसवलं हे तिला त्या क्षणी कळेल. तपासणी एका सकाळीत उरकेल. पण हा आजार निघाला, तर पुढे वर्षानुवर्षं रक्ततपासण्या आहेत. दर खेपेला ती तुमच्या तोंडाकडे बघणार, आई खरं बोलतेय का म्हणून. शिवाय डॉक्टरांनी पोळी पुन्हा सुरू करायला सांगितली, तर? ज्या पोळीने पोट दुखतं म्हणून आजीने ताटातून उचलली, तीच आई परत का वाढतेय, हे तिला कारण न सांगता कसं पटवणार? या तपासणीत लेकीची मदत लागणार आहे. तिला वगळून ती नीट होणार नाही.

सांगायचं कधी? तीन आठवडे आधीपासून रोज घोकू नका. आत्ता एकदा थोडक्यात सांगा : पोट का दुखतं ते शोधायला पुण्याला जायचंय. सविस्तर मात्र जायच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे तिला प्रश्न विचारायला वेळ मिळेल. रात्री निजताना नको, दुपारी कधीतरी, शेंगा सोलताना किंवा केस विंचरताना. असं काहीसं बोला : ‘तुझ्या पोटात आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही ना, म्हणून डॉक्टर एका बारीक नळीला लावलेल्या कॅमेऱ्यातून बघणार आहेत. नळी तोंडातून जाते, पण तेव्हा तू औषधाने झोपलेली असशील, तुला कळणारसुद्धा नाही. झोपायच्या आधी हाताला एक सुई टोचतील, ती दुखेल थोडी. उठल्यावर घसा खवखवेल, तो एक-दोन दिवसांत थांबेल. तू झोपेपर्यंत मी तुझ्याजवळ आहे आणि उठशील तेव्हाही मीच असेन.’ हे शेवटचं वाक्य बोलण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. काही ठिकाणी आईला भूल चढेपर्यंत आत थांबू देतात, काही ठिकाणी दारापर्यंतच. जे खरं असेल तेच सांगा. ‘अजिबात दुखत नाही’ म्हणू नका. सुई टोचल्यावर ते खोटं ठरतं आणि मग नळीबद्दल सांगितलेलं खरंही तिला खोटं वाटतं. ती रडली तर रडू द्या. ‘शूर मुली रडत नाहीत’ हेही नको.

काही गोष्टी तिच्या हातात द्या. तपासणी करायची की नाही हे तिने ठरवायचं नाही, पण सुई कुठल्या हाताला, टोचताना बघायचं की तोंड फिरवायचं, सोबत कुठलं पुस्तक किंवा बाहुली न्यायची, हे तिचं. टोचायची जागा बधिर करणारं मलम मिळतं, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, तेव्हा आधीच मागा. डॉक्टरांना विचारायचे तिचे स्वतःचे दोन प्रश्न वहीत लिहायला सांगा आणि तिथे ते तिलाच विचारू द्या. मुलीशी थेट बोलणारे डॉक्टर असतील तर फारच बरं. नसतील, तर तुम्ही म्हणा, ‘डॉक्टर, तिला विचारायचंय काहीतरी.’

उपाशी किती तास राहायचं, पाणी कधीपर्यंत चालेल, हे हॉस्पिटलकडून लिहून घ्या आणि काटेकोरपणे पाळा, कारण भूल देताना पोट रिकामं असणं तिच्या सुरक्षिततेसाठी असतं. ‘एक बिस्कीट काय होतंय’ म्हणणारं कुणीतरी सोबत असतंच, त्यांना आधीच समज द्या. सकाळची पहिली वेळ मागा. ती उपाशी असताना तिच्यासमोर कुणी चहा-नाश्ता करू नये.

मधल्या दिवसांसाठी आणखी एक. दिवसातून दहादा ‘दुखतंय का गं?’ विचारत असाल, तर ते थांबवा. काळजीने विचारतो आपण, पण प्रत्येक प्रश्नागणिक तिचं लक्ष पोटाकडे जातं आणि दुखणं जास्त जाणवतं. रात्री एकदाच, दोघींनी मिळून वहीत लिहा : काय खाल्लं, दुखलं का, किती वेळ, कुठे, शी कशी झाली. दुखेल तेव्हा ती स्वतः सांगेल, तेव्हा काम बाजूला ठेवून ऐका. शीचा नमुना मागितला असेल, तर तिला त्याची लाज वाटणं स्वाभाविक आहे. जुन्या वर्तमानपत्रावर किंवा स्वच्छ पिशवीवर शी करायची, तिच्यात लघवी मिसळू द्यायची नाही, डबीतल्या चमच्याने थोडा भाग घ्यायचा आणि लॅबने सांगितलेल्या वेळेत पोहोचवायचा, हे दार लावून तुम्ही दोघींनीच करा. धाकट्या भावासमोर त्यावरून हसणं नको. वर्गशिक्षिकेला भेटून एवढं मात्र नक्की मागा, की हात वर न करता तिला केव्हाही बाहेर जाता यावं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, तुमच्यामुळे झालं नाही. सिलिॲक व्हायला विशिष्ट जनुकं लागतात, ती तिला जन्मतःच मिळालेली असतात. ती जनुकं आणि गहू दोन्ही वाट्याला आलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात. काहींनाच हा आजार का होतो, याचा पूर्ण उलगडा अजून शास्त्रालाही झालेला नाही. पोळी आवडते म्हणून लेकीला पोळी वाढणारी आई दुसरं काय करणार होती?

निदान सिलिॲकचं निघालंच, तर तुम्ही ज्वारीच्या मुलखात राहता हे भाग्यच समजा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळं तिला चालतं. अवघड जागा निराळ्या असतात : गिरणीत गव्हाच्या दळणापाठोपाठ पडलेली ज्वारी, मैदा मिसळलेला हिंग, सत्यनारायणाचा रव्याचा प्रसाद, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक. त्यावर वेगळं लिहिता येईल, आणि तेव्हा आहारतज्ज्ञही मदतीला असतील. आज त्याचा विचार करत जागू नका. एक मात्र लक्षात ठेवा. निदान पक्कं झालं, तर धाकट्या मुलाची रक्ततपासणीही करून घ्या, त्याला कसलाही त्रास नसला तरी, कारण सख्ख्या भावंडांमध्ये याची शक्यता दहात एकाच्या आसपास असते. आणि ती होईपर्यंत त्याचा गहू बंद करू नका, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.